कवेलूच्या घरासाठी रिसीव्हर निवडताना

आमच्या बैठकीतील होम थिएटरचा जुना रिसीव्हर, म्हणजे टीव्ही आणि डिस्क प्लेअरचा आवाज घेऊन स्पीकर चालवणारे यंत्र, आवाजाला आजही खणखणीत आहे. तरीही यंदा तो बदलावा लागला, कारण अ‍ॅम्प्लिफायर शाबूत असला तरी मागच्या बाजूच्या जोडण्या कालबाह्य झाल्या होत्या. चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय वायरीनेच टीव्हीतील आवाज रिसीव्हरकडे परत आणणारी एआरसी ही सोय 2009 च्या एचडीएमआय 1.4 मध्ये आली आणि तिचे सुधारलेले रूप, म्हणजे ईएआरसी, 2017 च्या एचडीएमआय 2.1 सोबत आले. आमचा रिसीव्हर या दोन्हींच्या आधीचा. त्यातून 4के (अतिस्पष्ट) चित्र पुढे जात नसे आणि टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरीने घ्यावा लागे. या वायरीतून डॉल्बी डिजिटल 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक स्पीकर यांच्यासाठीचा आवाज, व्यवस्थित येतो. ब्लू-रे डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडी हा काटछाट न केलेला आवाज मात्र तिच्यात मावत नाही. ज्यांना केवळ टीव्हीवरचे चित्रपट आणि मालिका पाहायच्या आहेत, त्यांचे काम ऑप्टिकल वायरीवर भागते आणि त्यांनी नव्या रिसीव्हरवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानात गेल्यावर पहिली चर्चा वॅटची होते. 80 वॅटऐवजी 100 वॅटचा रिसीव्हर घेतला, तर कमाल आवाजात पडणारा फरक जेमतेम 1 डेसिबल असतो, आणि तो कानाला क्वचितच जाणवतो. शिवाय एकच चॅनेल (एका स्पीकरला आवाज देणारी वाट) चालवून मोजलेले वॅट आणि दोन चॅनेल एकत्र चालवून मोजलेले वॅट हे सारखे नसतात; म्हणून मोठा आकडा पाहण्याआधी तो कसा मोजला आहे, हे माहितीपत्रकात वाचावे. स्पीकरच्या मागे किती ओहम (विजेला होणारा अडथळा) लिहिले आहेत, तेही पाहून ठेवावे. आमचे जुने स्पीकर 8 ओहमचे आहेत आणि मधला सोडून बाकीचे तसेच ठेवले, कारण स्पीकरला एचडीएमआयच्या पिढ्यांशी काही देणेघेणे नसते.

छतातून आवाज येत असल्याचा भास देणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉसचा मोह आम्हालाही होता. परंतु वरच्या दिशेने आवाज फेकणारे स्पीकर सपाट छतावरून होणाऱ्या परावर्तनावर अवलंबून असतात आणि आमच्या बैठकीवर उतरते कवेलू आहेत. त्यामुळे जास्त चॅनेलचा रिसीव्हर टाळून आम्ही 5.1 वरच थांबलो आणि वाचलेल्या पैशांतून मधला स्पीकर चांगला घेतला. चित्रपटातील बहुतेक संवाद याच स्पीकरमधून येतात, आणि वडिलांची जुनी तक्रार तीच होती, की आवाज मोठा आहे, पण बोलणे समजत नाही.

विदर्भातील घरात या यंत्राची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. अनेक रिसीव्हरच्या माहितीपुस्तिकेत भोवतालच्या तापमानाची मर्यादा 35 किंवा 40 अंश दिलेली असते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. त्यामुळे तो बंद कपाटात न ठेवता वर आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहील असा उघड्यावर ठेवला. कूलरच्या झोतासमोरही ठेवला नाही, कारण त्या हवेतील ओलावा यंत्राला मानवत नाही. कूलरच्या घरघरीत हळू आवाजातील संवाद हरवतात. लहान-मोठ्या आवाजातील अंतर कमी करणारी सोय रिसीव्हरमध्ये असते, ती या दिवसांत सुरू ठेवावी.

रिसीव्हरसोबत आलेला मायक्रोफोन खोलीचा आवाज मोजून स्पीकरचे अंतर आणि पातळी आपोआप ठरवतो. हे मोजमाप कूलर बंद करून घ्यावे, आणि एकदाच घेऊन सोडू नये. वेचणीनंतर भाव वाढण्याची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवण्याची रीत आमच्याकडे आहे. कापूस आवाज शोषतो. बैठकीच्या कोपऱ्यात त्याची गंजी असते तोवर खोली दबलेली वाटते आणि तो विकला गेला की उघड्या फरशीवर तीच खोली घुमू लागते. त्या दोन्ही वेळी नव्याने मोजमाप घेतल्यास फरक सहज ऐकू येतो. मात्र कापूस आणि तापणारे विजेचे यंत्र एकाच खोलीत असताना सावधगिरीला पर्याय नाही. गंजी दूर हवी, हवेच्या जाळीवर बसलेले तंतू वरचेवर पुसावेत आणि वापर संपला की प्लग काढून ठेवावा.

विजेचा दाब आमच्या गावात सारखा खालीवर होतो, म्हणून स्टॅबिलायझर आणि व्यवस्थित अर्थिंग यांचा खर्च रिसीव्हरच्या किमतीतच धरला. रिसीव्हर इन्व्हर्टरवर चालवायचा असल्यास इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, असावा. स्वस्त इन्व्हर्टरवर रिसीव्हरमधला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. मृगाच्या आसपास विजा कडाडू लागल्या, की प्लगसोबत डिशची वायरही काढावी, कारण झटका त्या वाटेनेही आत शिरतो.

खरेदी करताना त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र नागपूरला आहे, अमरावतीला आहे की थेट पुण्याला पाठवावे लागेल, हे बिल होण्याआधीच विचारून घ्यावे. खोका आणि थर्माकोलही जपून ठेवावा. इतके जड यंत्र एसटीने न्यायची वेळ आली, तर दुसऱ्या कशातही ते सुरक्षित राहत नाही.