मफ्रकमधली दहावी रात्र

रात्रीचे साडेदहा. मफ्रक, उत्तर जॉर्डन.

आज एका बाईने विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

बारा दिवसांसाठी इथल्या चर्चच्या मदतीला आलेय. सकाळी त्या चर्चमधल्या दोघी ताई आणि मी निर्वासितांच्या घरभेटींना गेलो. सीरियाची हद्द जवळच आहे. २०१२ साली उघडलेली झाअतरीची छावणी याच बाजूला, पण पुष्कळ निर्वासित छावणीऐवजी गावात भाड्याच्या खोल्यांत राहतात. ही बाईही तशीच, सीरियातल्या दरा भागातली. नाव लिहीत नाही. खोलीत भिंतीकडेने गाद्या आणि कोपऱ्यात गॅसची शेगडी, एवढाच संसार. बोटाला टोचून साखर तपासली, ३१२ आली. पुरवून पुरवून खायच्या म्हणून गोळ्या अर्ध्या करून खात होती. तपासायच्या पट्ट्या कधीच्या संपलेल्या. मी पिशवीतून ५० पट्ट्यांची डबी आणि महिनाभराच्या गोळ्या काढल्या. तिने हात पुढे केला नाही. ताईंकडे बघून हळूच काहीतरी विचारलं. ताईंनी मला सांगितलं, "हे घेतलं तर चर्चमध्ये येऊन बसावं लागेल का, असं विचारतेय."

मला एकदम आजी आठवली. आम्ही नगर जिल्ह्यातले. खापरपणजोबा दुष्काळाच्या दिवसांत ख्रिस्ती झाले, हे खरं आहे. पण "पोटासाठी बाटलेले" हे मी माझ्या शाळेतसुद्धा ऐकलं, म्हणजे चार पिढ्यांनंतर. आजी म्हणायची, "भाकरी घेतली गं, पण विश्वास काय भाकरीतून येतो?" माझा तिच्यावर पूर्ण भरवसा आहे. तरी तो टोमणा कुठे बसतो ते मला माहीत आहे. देणारा देऊन निघून जातो, ऐकून घ्यावं लागतं ते घेणाऱ्याच्या नातवंडांना.

मी म्हटलं, नाही, काहीही करावं लागणार नाही. ताईंनी ते दोनदा सांगितलं. तरी तिने आधी चहा टाकला, मरमियाचा, म्हणजे सेज नावाच्या वनस्पतीचा, पाला घालून. मी पेला रिकामा केला, तेव्हा कुठे तिने डबी उचलून उशाखाली ठेवली.

चहा पिताना शब्दांवरून बोलणं निघालं. साबण, हिशोब, किताब हे त्यांचे शब्द आमच्याही तोंडात आहेत म्हटल्यावर ती खुलली. मी म्हटलं, "गरीब?" तर तिने माझ्याकडे बोट केलं. अरबीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला माणूस. मग तेच बोट तिने स्वतःकडे वळवलं.

येशूची ओळख सगळ्यांना व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि ते मी लपवत नाही. कुणी विचारलं की सांगते. पण निघण्याआधी तयारीच्या बैठकीत एका विश्वासू भावाने "बारा दिवसांत किती जीव?", म्हणजे किती जण ख्रिस्ती होतील, असं विचारलं होतं, ते आज फार खुपलं. इथे मुसलमानाने धर्म सोडला तर कायदा तो बदल मानत नाही. शरिया कोर्टात वारसाहक्क जाऊ शकतो, पोटची मुलं ताब्यातून जाऊ शकतात. आम्ही विमानात बसून घरी जाणार, आणि भोगायचं तिने? बारा दिवसांच्या पाहुण्याने असा हिशोब मांडूच नये.

याच भागात अन्नूर म्हणून क्षयरोग्यांचं रुग्णालय आहे. डॉ. एलिनॉर सॉल्टाउ आणि नर्स एलीन कोलमन यांनी १९६५ साली ते बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांसाठी सुरू केलं आणि इथेच आयुष्य घातलं. मी मिरजेला शिकले. तिथेही मिशनरी डॉ. वानलेस १८९४ साली दवाखाना उभारून बसले ते तीसेक वर्षं. ही माणसं राहिली, लोकांची भाषा शिकली. लोक त्यांना वर्षानुवर्षं पारखत राहिले, तशी मुभा लोकांना मिळाली. मला दहा दिवसांत "दुखतंय का?" एवढंच नीट विचारता येतं. त्यामुळे माझं काम राहणाऱ्यांच्या हाताखालचं. पिशवी धरायची, बीपी बघायचं, ताई दमल्या की त्यांच्या घरची भांडी घासायची. आज भांडी घासताना मन हलकं झालं, हे खरंच.

निघताना तिने ताईंना थांबवलं. तिचा धाकटा भाऊ २०१३ पासून बेपत्ता आहे. "हिला सांगा, हिच्या ईसाजवळ त्याच्यासाठी माग." मी तिथेच उभ्याने मराठीत प्रार्थना केली. तिला एक शब्द कळला नसेल, पण माझं होईपर्यंत तिने दाराची कडी धरून ठेवली होती.

परवा निघायचं. उरलेल्या पट्ट्या ताईंकडे दिल्यात. पुढच्या महिन्यात तिची साखर किती आली ते त्या कळवणार आहेत.