तुम्ही विचारलेत म्हणून : गोड खाल्ल्यावर लागणाऱ्या टोचणीबद्दल

आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे येणारी माणसे वजन, पचन, रक्तातली साखर असे सगळे बोलून झाले की उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात : "गोड खाल्ले की नंतर मनाला फार टोचणी लागते. ती लागणार नाही असे एखादे गोड सुचवाल का?" गणपती आणि दिवाळीच्या सुमारास तर हा प्रश्न अधिकच येतो. दारात उभ्याउभ्या त्याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर देते.

टोचणी न लावणारे गोड शोधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टोचणी लागल्यामुळे कोणाच्या पोटात जाणारी साखर कमी झाल्याचे मी पाहिलेले नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना विचारले होते, की चॉकलेट केक म्हटल्यावर तुमच्या मनात काय येते, अपराधीपणा की आनंदाचा प्रसंग? ज्यांच्या मनात अपराधीपणा आला, त्यांचा चांगले खाण्याचा निश्चय इतरांपेक्षा पक्का नव्हता. आपल्या खाण्यावर आपला ताबा आहे असेही त्यांना कमी वाटत होते, आणि आहे ते वजन टिकवू पाहणाऱ्यांमध्ये अशा लोकांना दीड वर्षाच्या काळात ते कमी साधले. हे असे का होत असावे, ते मला रोजच्या कामात दिसते. दुपारी कचेरीत कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा तुकडा खाल्लेला माणूस "आजचा दिवस तसाही वाया गेला" असे म्हणतो आणि रात्री जेवताना हात आखडत नाही. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहतो, आणि संध्याकाळी भुकेने व्याकूळ होऊन पुन्हा गोडाकडेच वळतो. तो मूळ तुकडा एवढ्या सगळ्याला कारण होण्याइतका मोठा कधीच नसतो.

आता नव्या पदार्थांविषयी. दुबईतल्या एका चॉकलेट व्यवसायाने २०२१ मध्ये पिस्त्याचे सारण आणि कुनाफा या अरबी मिठाईच्या कुरकुरीत शेवया भरलेले चॉकलेट काढले, २०२३च्या अखेरीस ते खातानाची एक चित्रफीत जगभर पाहिली गेली, आणि थोड्याच काळात पुण्यात कोरेगाव पार्क, बाणेरच्या कॅफेंपासून पेठांतल्या मिठाईच्या दुकानांपर्यंत कुनाफा आणि पिस्ता दिसू लागले. स्पेनमधल्या सान सेबास्तियन गावी १९९०च्या सुमारास जन्मलेला, वरून करपवलेला चीजकेकही असाच आपल्याकडे पोहोचला. नवीन पदार्थ आला म्हणून नाक मुरडणे मला मान्य नाही. कॅम्पातल्या कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांचे नाव इंग्लंडमधल्या गावाचे आहे, पण परगावी निघालेला पुणेकर ती आपलीच म्हणून अभिमानाने नेतो. आटवलेल्या दुधावर आइस्क्रीमचा गोळा ठेवलेली मस्तानीही कधीतरी नवीनच होती.

मला काळजी वाटते ती इच्छा जागी होण्याच्या पद्धतीची. पूर्वी गोडाची इच्छा सणाने, पाहुण्याने किंवा मोसमाने जागी व्हायची. आज ती रात्री अकरा वाजता, पोट भरलेले असताना, फोनच्या पडद्यावर वितळते चॉकलेट पाहून होते. तोच पडदा पुढच्याच मिनिटाला साखर म्हणजे विष आहे असे ओरडून सांगतो. एकाच माणसाला एकाच वेळी दोन्हीकडून ओढले जाते, आणि अशा ओढाताणीत सापडलेल्या माणसाला तिसरा कोणीतरी येऊन "हे निश्चिंत मनाने खा" असे म्हणत काहीतरी विकतो.

हा जो तिसरा माल आहे, त्याविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. गुळाचे आइस्क्रीम, खजुराची बर्फी, ओट्सचे लाडू, प्रथिनांची भर घातलेले चॉकलेट या सगळ्यांवर "गिल्ट-फ्री", म्हणजे टोचणी न लावणारे, असा शिक्का असतो आणि किंमतही चढी असते. शंभर ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० कॅलरी मिळतात आणि शंभर ग्रॅम गुळातून सुमारे ३८०. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण आपण जेवढा गूळ खातो तेवढ्यातून ती नगण्यच मिळतात. खजुरात तंतू असतात, तो मला आवडतोही, पण त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो, आणि बर्फीत त्याच्या जोडीला काजू-बदाम आणि तूप आले की ती साध्या बर्फीपेक्षा हलकी राहत नाही. पदार्थ वाईट नाहीत. मात्र शिक्क्यामुळे मनावरचा लगाम सैल होतो : बेसनाचा एक लाडू खाऊन थांबणारी बाई खजुराचे तीन खाते आणि आपण संयम पाळला असे समजते. कृत्रिम गोडीच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून तिचा वापर करू नये. ही शिफारस ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हती, तेव्हा अशांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मग मोजायचे काय? याच संघटनेने २०१५ साली दिलेली मर्यादा अशी, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्यासाठी ही मर्यादा ५० ग्रॅम होते, आणि शक्य झाल्यास ती २५ ग्रॅमपर्यंत आणावी असेही सुचवले आहे. आता आपल्या शहराचा हिशेब करा. दोन चमचे साखरेचा चहा, असे दिवसाला चार कप घेतले तर ३२ ते ४० ग्रॅम साखर तिथेच होते, आणि अमृततुल्यचा चहा तर मुळातच गोड असतो. उकडीच्या मध्यम आकाराच्या मोदकात गूळ साधारण दहा-बारा ग्रॅम असतो. वर्षातून काही दिवस होणाऱ्या त्या मोदकाची टोचणी लागते, रोजच्या चार कपांची लागत नाही. त्यामुळे टोचणीच्या भरवशावर आहार ठरवणाऱ्याला मी आधी चहातली साखर हळूहळू निम्मी करायला सांगते, आणि मोदक आहे तसाच राहू देते.

आपल्या पानात गोडाला जी जागा होती, तिचाही विचार करावा. श्रीखंड पुरीसोबत, जिलेबी मठ्ठ्यासोबत, पुरणपोळी तुपासोबत आणि कटाच्या आमटीसोबत, म्हणजे गोड जेवणातच असे. डाळ, भाजी, कोशिंबीर यांच्या सोबतीने खाल्लेल्या गोडाने रक्तातली साखर सहसा तितक्या वेगाने चढत नाही, आणि पोट भरत आल्यामुळे दुसरी वाढ आपोआप नकोशी होते. पंगतींमधला आग्रह आणि पैजा लावून जिलेब्या खाणे मला कधीच पटले नाही, तेव्हा जुने सगळे परत आणा असे माझे म्हणणे नाही. गोडाला जेवणातली जागा आणि त्याचा दिवस मात्र द्यावा. कॅफेतला चीजकेक खायचा असेल तर तोही ठरवून, चौघांत एक घेऊन, जेवणाच्या जवळच्या वेळी खावा, आणि खाताना फोन बाजूला ठेवावा.

मधुमेह असलेल्यांना माझे सांगणे थोडे निराळे आहे. त्यांनी प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावे, त्या दिवशी भात-पोळी त्या हिशेबाने कमी करावी आणि दोन तासांनी साखर तपासावी. तपासणीतून कळलेला आकडा त्यांच्या उपयोगाचा आहे. घरच्यांनी ताटाकडे रोखून पाहिल्यामुळे त्यांच्या हाती काहीच लागत नाही, फक्त ती माणसे लपूनछपून खाऊ लागतात.

एक विनंती आयांना करते. जेवताना मुलीसमोर "आज फार पाप झाले, उद्या टेकडी चढून जिरवते" असे म्हणू नका. पर्वती किंवा हनुमान टेकडी चढायला जरूर जा, मुलीलाही न्या, फक्त पुरणपोळीशी त्याचा संबंध जोडू नका. वयात येणाऱ्या मुली हे वाक्य जसेच्या तसे उचलतात, आणि काही वर्षांनी माझ्यासमोर बसून तेच म्हणतात.