आजीच्या कुंकवाच्या पेटीतला पिवळा खण

आमच्या धुळ्याच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फडताळात शिसवाची एक कुंकवाची पेटी आहे. वीतभर लांब, चार बोटे उंच आणि एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेली असल्यामुळे तिला कुठेही सांधा नाही. खिळा तेवढा एकच, पितळी, आणि तोही झाकणाचा. झाकण उचलायचे नसते, त्या खिळ्याभोवती आडवे सरकवायचे असते. मग आतले चार खण दिसतात. ती आजीच्या सासूबाईंच्या लग्नातली, म्हणजे १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले त्याच्या आगेमागेची, असे घरात मानले जाते. लहानपणी झाकणावरच्या मोराच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवले की आजी आतून ओरडायची, “देवनी पेटी शे ती, हात नको लाऊ!”

मोर सुबक आहे, पण खरे सांगायचे तर तशी नक्षी खानदेशातल्या जुन्या वाड्यांच्या तुळयांवर याहून सरस पाहायला मिळते. पेटीची ओळख झाकणावर नाही, आत आहे. जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराने तिला ‘मसाल्याचा डबा’ ठरवून किंमत सांगितली होती. मसाल्याच्या डब्यात मेण कशाला असेल? सर्वांत लहान खणाच्या तळाशी मेणाचा काळपट, गुळगुळीत थर अजून आहे, कारण पूर्वी कपाळावर आधी मेणाचा ठिपका लावून त्यावर कोरडे कुंकू टेकवीत, म्हणजे ते दिवसभर टिकत असे. सर्वांत मोठा गोल खण कुंकवाचा, त्याला लागून हळदीचा, आणि उरलेला अक्षतांचा, जो आतून अगदी स्वच्छ आहे. चारही खणांचे काम डाग पाहूनच सांगता येत होते.

‘येत होते’ असे म्हणावे लागते, याला कारण मीच. दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आवराआवरीत मी साबणाच्या पाण्यात कापड भिजवून पेटी आतून पुसली. हळदीच्या खणातला पिवळा रंग पाहता पाहता लालभडक झाला. कुंकू ओघळले असे समजून मी आणखी घासले, तसा तो आणखी लाल झाला. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हे शाळेत हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकून मी स्वतः पाहिलेले होते. पण त्या क्षणी आठवले नाही. थोडे थांबून लिंबाचा रस लावला असता, तर रंग बहुधा पुन्हा पिवळा झाला असता. जुन्या पद्धतीचे कुंकूसुद्धा हळदीचेच असते: हळकुंडांना लिंबाचा रस आणि सवागी (टाकणखार) देऊन ती लाल करायची, वाळवायची आणि कुटायची. शेजारशेजारच्या त्या दोन खणांत मुळात एकच वस्तू होती, हे मला पेटी बिघडल्यावर उमगले.

पुढची चूक त्याहून मोठी. पेटी मी एका सुताराकडे दिली आणि ‘जरा साफ करून द्या’ एवढेच सांगितले. त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे चोख काम केले: हळदीचा खण पटाशीने खरवडला, पॉलिश पेपरने घासला, आणि तो लाखेचे पॉलिश चढवणार एवढ्यात मी पोहोचलो. तीन खण वाचले. चौथ्यात ताजे, तपकिरी, उघडे लाकूड दिसत होते. शंभर वर्षांची हळद त्याच्या दुकानातल्या भुशात मिसळली होती आणि तो, रास्तच, मजुरी मागत होता. ती मी दिली.

आता पेटी फक्त कोरड्या मऊ फडक्याने पुसतो आणि उन्हात ठेवत नाही, कारण हळदीचा रंग उन्हाने उडतो. तो इतकी वर्षे टिकला तो झाकणाच्या अंधारामुळेच.

यंदा कानबाईला, खानदेशातल्या या देवीच्या श्रावणातल्या सणाला, ती पुन्हा बाहेर काढली. नागपंचमीनंतरच्या रविवारी श्रीफळाला नथ घालून, डोळे लावून कानबाईची स्थापना झाली, तेव्हा आईने खरवडलेल्या खणातही मुकाट्याने चिमूटभर हळद घातली. रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांनी त्याच पेटीतून एकमेकींना हळदीकुंकू लावले, नैवेद्याच्या रोटाचे पीठ लागलेल्या हातांचे ठसे झाकणावर उमटले, आणि सोमवारी विसर्जन करून आल्यावर मी पेटी उपडी करून हलकेच झटकली. खणाचा तळ जवळजवळ पूर्वीसारखाच तपकिरी होता. पॉलिश पेपरने पडलेल्या बारीक चरांमध्ये तेवढ्या पिवळ्या रेघा राहिल्या होत्या. त्या मी पुसल्या नाहीत.