गाठ आकसली होती, मग त्या गेल्या कशाने?

बारा वर्षं कॅन्सरचे पेशंट बघितले आणि मग अमेरिकेच्या एफडीएत, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेत, रिव्ह्यूअर म्हणून रुजू झाले, तेव्हा प्रत्येकाचा एकच प्रश्न होता, पेशंट सोडून कागद का? या वाटेवर मी काही पहिली नाही. रिचर्ड पॅझडूर 1999 साली ह्यूस्टनचं एमडी अँडरसन हे कॅन्सर हॉस्पिटल सोडून इथे आले आणि 2017 मध्ये ऑन्कॉलॉजी सेंटर ऑफ एक्सलन्स हा एफडीएचा कॅन्सर विभाग निघाला त्याचे पहिले प्रमुख तेच. पण तो प्रश्न मलाही सतावायचा, त्या एका मंगळवारपर्यंत.

आमच्याकडे औषध कंपनीचा नुसता सुबक रिपोर्ट येत नाही, चाचणीतल्या एकेका पेशंटचा कच्चा डेटा येतो, कुठल्या दिवशी किती गोळ्या, कुठला त्रास, स्कॅनवर गाठ किती मिलिमीटर, आणि आम्ही सगळं पहिल्यापासून परत मोजतो. त्या औषधाचं नाव सांगता येणार नाही. रोज घ्यायची गोळी, पेशंटकडे दुसरा काही उपाय उरलेला नाही, त्यामुळे प्रायॉरिटी रिव्ह्यू, म्हणजे दहाऐवजी सहा महिन्यांत निर्णय.

मी मृत्यूंच्या नोंदी वाचत होते. एक बाई, वय 67. सातव्या आठवड्यात जुलाब सुरू, दिवसाला आठ-नऊ वेळा, जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या पण मूळ औषध त्याच डोसमध्ये चालू, मग क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीवर ताण आला, अ‍ॅडमिट केलं आणि 68 व्या दिवशी गेल्या. मृत्यूचं कारण लिहिलं होतं, आजार वाढला. मी पुढे जाणारच होते, पण सवयीने त्यांचा पेशंट नंबर स्कॅनच्या फाइलमध्ये टाकला. 57 व्या दिवसाचा स्कॅन. गाठ 38 टक्क्यांनी कमी.

मी दोन्ही फाइल शेजारी शेजारी लावल्या आणि नुसती बघत बसले. एकीकडे औषध लागू पडतंय असं दिसत होतं आणि दुसरीकडे त्याच बाई अकरा दिवसांनी कॅन्सर वाढून गेल्या असं लिहिलेलं. घसा दाटून आला माझा, कारण असे जुलाब मी ओपीडीत कितीदा बघितलेत, ओठ सुकलेले, लेक शेजारी पाण्याची बाटली धरून बसलेली, आणि मी म्हणायचे आजपासून गोळी बंद, आठवड्याने निम्म्या डोसवर परत सुरू करू. बहुतेक जण सावरायचे. यांना तसं म्हणणारं कोणी भेटलं नाही.

मग रात्रीपर्यंत एकेक नंबर काढत गेले. निम्म्याहून जास्त लोकांचा डोस कधी ना कधी कमी करावा लागला होता आणि कमी केल्यावरही गाठी आकसलेल्याच राहिल्या होत्या. म्हणजे डोसच मुळात जास्त होता की काय? जुन्या केमोच्या काळापासून पद्धतच अशी, पेशंटला सोसवेल तेवढा जास्तीत जास्त डोस शोधायचा आणि तोच पुढे न्यायचा. चार-सहा सायकलच्या केमोला ते ठीक असेल, वर्षानुवर्षं रोज घ्यायच्या गोळीला नाही. म्हणून तर 2021 मध्ये इथे प्रोजेक्ट ऑप्टिमस सुरू झाला, की कंपन्यांनी दोन तरी डोस नीट तुलना करून दाखवावेत.

आम्ही कंपनीला लेखी विचारलं. उत्तर आलं, मृत्यूचं कारण बदललं, औषधाशी संबंध मान्य केला. मीटिंगमध्ये मात्र माझंच मन दोन्हीकडे ओढत होतं. औषध अडवलं तर ज्यांच्याकडे काहीच नाही ते लोक महिने मोजत बसणार, आणि ते लोक मला आकडे वाटत नाहीत, चेहरे आठवतात. शेवटी मंजुरी दिली, पण कमी डोसचा अभ्यास करायची अट घालून.

लेबलच्या, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या औषधाच्या माहितीपत्रकाच्या, पाचव्या भागात, इशाऱ्यांमध्ये, जुलाबाचा मजकूर मीच लिहिला. कंपनीच्या मसुद्यात फक्त "गंभीर जुलाब" होतं. मी "काही वेळा जीवघेणे" जोडलं, आणि किती जुलाब झाले की गोळी थांबवायची, परत सुरू करताना किती कमी करायची, ते दुसऱ्या, डोसच्या भागात स्पष्ट घातलं. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही, नंबर मात्र अजून तोंडपाठ आहे.