तुम्ही विचारलंत म्हणून: पिंप माझंच आहे

माझ्या घरी पोर्टचं, म्हणजे पोर्तुगालच्या गोड, कडक वाइनचं, लाकडी पिंप आहे. ते कळलं की लोक विचारतात, "बाटली मिळते की दुकानात, मग घरी पिंप कशाला? तेही नागपुरात?" यातला नागपूरचा मुद्दा रास्त आहे, म्हणून आधी तो.

पोर्टमध्ये द्राक्षाचं स्पिरिट (गाळलेला कडक मद्यार्क) घालून आंबणं मध्येच थांबवलेलं असतं. अल्कोहोल साधारण 20 टक्के, त्यामुळे ती साध्या वाइनसारखी उन्हाने लगेच जात नाही. पोर्तुगालच्याच मदेरा बेटावर तर वाइन 45 ते 50 अंशांना किमान तीन महिने मुद्दाम तापवतात. हे मी पूर्वी भेटेल त्याला ऐकवायची, वर "आमच्याकडे मे महिना फुकट" असंही म्हणायची. आता म्हणत नाही. तिथे टाकीत मोजूनमापून तापवतात, आणि माझं पिंप पाच लिटरचं. एवढ्याशा पिंपात लिटरमागे लाकूड जास्त, म्हणून ओकची, म्हणजे पिंपाच्या लाकडाची, चव भराभर चढते. कोरड्या हवेत लाकडातून अल्कोहोलपेक्षा पाणी लवकर उडतं. उरतं ते दाट आणि कडक. मला आवडतं. तुम्हाला आवडेलच असं नाही.

"साहेबांना चालते वाटतं?" हा पुढचा प्रश्न. साहेब म्हणजे माझे यजमान. ते चहापलीकडे काही घेत नाहीत. परवाना माझ्या नावाचा आहे.

पण यात साहेबांचाही हात आहे. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दुपारी लाइन गेली आणि कूलर बंद पडला. इतके दिवस कूलरच्या वाऱ्याने वास बाहेर जात असावा, कारण पिंपाच्या पुढच्या तोंडाची सांध सुकून उघडली होती. तपकिरी, चिकट थेंब खाली ओघळत होते, त्यावर मुंग्यांची रांग. डाळीच्या वाट्या हातात घेऊन बायका गप्प झाल्या. एकीने विचारलं, "मोहाचा वास येऊन राहिला काय वो?"

मी तोंड उघडायच्या आत हे आतून म्हणाले, "माझं आहे ते. हिला काही बोलू नका."

बायका सुटल्यासारख्या हसल्या. पन्हं फिरलं. पुरुषाचं म्हटल्यावर ते साधं व्यसन ठरलं, आणि व्यसनी पुरुष कोणाच्या घरात नाही?

रात्री मी सांधीत मेण भरत होते, हे बॅटरी धरून उभे. "वाचवलं तुला," म्हणाले. कशापासून, ते मी विचारलं नाही. भला माणूस, असंच वाटलं तेव्हा. राग दोन दिवसांनी आला, आणि तोही धड यांच्यावर नव्हता. मी का गप्प बसले? पाहुण्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं म्हणून, की मलाही बरंच वाटलं म्हणून? दोन्ही उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत.

राहिला बाटलीचा मुद्दा. पिंपातून बाटलीत गेली की अशी पोर्ट जवळपास तिथेच थांबते. पिंपातली बदलत राहते, आणि मला ते बदलणंच हवं असतं. चव बघायची तर या. विचारायचं मात्र मला, यांना नाही.