सुटलेली पुस्तकं आणि यंदाचं वर्ष

नवीन वर्षाच्या इच्छा मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहिते आणि त्यात पुस्तकं असतातच. आजवरच्या इच्छा बहुतेक विकत घेण्याच्या आणि वाचण्याच्या होत्या. यंदा 1 जानेवारीला मात्र लिहिलं: घरातली सुटलेली पुस्तकं स्वतःच्या हातानं बांधायची आणि मग पुन्हा वाचायची. मुदत पाडव्यापर्यंत, म्हणजे ऊन तापायच्या आत.

आमच्याकडे पुस्तकं फाटतात कमी, सुटतात जास्त. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास गेला की हवेत ओलावा नावाला उरत नाही. त्यात कूलर. तो चालू असेपर्यंत खोली दमट, बंद केला की तासाभरात पुन्हा कोरडी ठणठणीत. कागद फुगतो, आक्रसतो, पुन्हा फुगतो. आजकालची बहुतेक पुस्तकं गोंदावर उभी असतात. फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा जुडगा; त्या फर्म्यांच्या घड्या कापून टाकतात, कडा खरबरीत करतात आणि त्यावर वितळवलेला गोंद लावून कव्हर चिकटवतात. हा गोंद वर्षांगणिक कडक होत जातो, आणि आपल्या हवेत तर जरा लवकरच. मग एक दिवस पुस्तक मधोमध उघडलं की कट्‌कन आवाज येतो आणि पानांचा एक गठ्ठा हातात येतो.

आईची पुस्तकं तशी नाहीत. सत्तरच्या दशकात घेतलेली, कागद पिवळा पडलेला, पण टेबलावर ठेवली तर अजून सपाट उघडतात. आत दोऱ्याची शिवण आहे. माझ्या कपाटातली दहा-बारा वर्षांपूर्वीची पुस्तकं सुटी आणि आईची पन्नास वर्षांची धडधाकट, हे पाहून मला फार वाईट वाटायचं. सुटलेलं पुस्तक कोणी वाचत नाही. पान पडेल म्हणून आपण ते प्रवासात नेत नाही, मागणाऱ्याला देत नाही, आणि हळूहळू कपाटाच्या मागच्या रांगेत ढकलतो. माझी काही अत्यंत आवडती पुस्तकं अशी वर्षानुवर्षं न उघडता पडून होती.

सीताबर्डीत बऱ्याच झेरॉक्सवाल्यांकडे विचारलं. स्पायरल मिळेल, थर्मल मिळेल, दोऱ्याची शिवण कोणी करत नाही. एकानं चांगुलपणानं सांगितलं, “ताई, नवीन घ्या न, कुठं त्रास करता.” पण यातली निम्मी पुस्तकं आता छापली जात नाहीत, आणि काहींच्या समासात आईच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या नवीन प्रतीत कुठून येणार?

शेवटी महाल या जुन्या वस्तीत, एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर, ज्यांच्याकडे शिकंजा (पुस्तक दाबून धरायचं यंत्र), दाभण आणि खळीचं पातेलं अजून रोजच्या वापरात आहे असे काकाजी भेटले. त्यांचं सगळं आयुष्य या कामात गेलं. नागपुरात बांधणीचं काम एके काळी भरपूर होतं, आणि का ते त्यांच्याकडून ऐकताना पटलं. इथे हायकोर्टाचं खंडपीठ, त्यामुळे वकिलांचे ग्रंथसंच. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हे कोर्टाचे निवाडे छापणारं नियतकालिक तर आपल्या काँग्रेसनगरातूनच निघतं. त्याचे सुटे अंक वर्षअखेरीस खंड करून बांधायचे. 1923 साली स्थापन झालेलं विद्यापीठ, त्यामुळे प्रबंध, काळ्या कापडावर सोनेरी अक्षरं. शिवाय बँकांची, सरकारी कचेऱ्यांची रजिस्टरं. रजिस्टरं कॉम्प्युटरनं संपवली, निवाडे मोबाइलवर दिसू लागले, आणि प्रबंधांच्या प्रती कमी झाल्या. “आता लग्नाचे अल्बम येतात अन् पोथ्या,” ते म्हणाले. शिकवाल का म्हणून विचारलं तर माझ्या हातांकडे पाहून म्हणाले, “शिकवतो. पण रोज या लागते.”

रोज जमणं शक्य नव्हतं. ऑफिस सुटल्यावर जमेल तसं जात राहिले, आणि थंडीचे ते दिवस मला या वर्षातले सगळ्यात चांगले दिवस वाटतात.

सुरुवात शिवणीपासून होईल असं वाटलं होतं, झाली कागदापासून. काकाजींनी एक कोरा कागद हातात दिला. “पहिले कागदाले विचारा, तो कोणीकडे वाकते.” कागद बनताना त्यातले तंतू एका दिशेनं आडवे पडतात. त्या दिशेला कागद सहज दुमडतो, उलट दिशेला कुरकुरतो, घडीवर तडे जातात. पुस्तकात ही दिशा पाठीला समांतर हवी. अस्तराचा कागद असो, पुठ्ठा असो, सगळ्यांची दिशा तीच. नाहीतर खळ लागली की पुठ्ठा वाकडा होतो आणि पान नीट पलटत नाही. त्या दिवसापासून मी दुकानात प्रत्येक पुस्तक हलकेच वाकवून पाहते.

मग खळ. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की झाली. कसरीला पिठाची खळ फार आवडते, म्हणून जुने बांधणीवाले त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालतात. काकाजीही घालतात. मी माझ्या खळीत घालत नाही, कारण मोरचूद विषारी आणि तांब्याचे क्षार दीर्घकाळात कागदालाही मानवत नाहीत. त्यापेक्षा थोडी खळ करावी आणि दोन दिवसांत संपवावी. जानेवारीत ती दोन दिवस टिकते. एप्रिलमध्ये सकाळची खळ संध्याकाळी आंबते. पाडव्याची मुदत किती योग्य होती ते इथे कळलं. खळीचा मोठा गुण म्हणजे ती पाण्यानं सुटते. आणखी पन्नास वर्षांनी कोणाला हे पुस्तक पुन्हा बांधायचं झालं तर त्याला ते उकलता येईल. फेव्हिकॉलचं तसं नाही, आणि पारदर्शक चिकटपट्टीचं तर मुळीच नाही. ती पट्टी काही वर्षांनी गळून पडते आणि मागे तपकिरी डाग कायमचा राहतो. पुस्तकांवर प्रेम असलेल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की ती पुस्तकाच्या जवळ आणू नका.

हात बसावा म्हणून पहिलं खरं काम केलं ते पातळ पुस्तिकांचं. ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीचे वडील दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरून पुस्तकं आणत. बाबासाहेबांनी 1956 साली जिथे दीक्षा दिली तिथे आजही लोक लांबून येतात आणि परतताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. पुस्तकांचे एवढे स्टॉल आणि त्यांच्यासमोर एवढी साधी, कष्टकरी गर्दी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. ज्या माणसानं आपल्या ग्रंथांना जागा व्हावी म्हणून मुंबईत राजगृह हे घर बांधलं, त्याच्या लोकांनी पुस्तकं विकत घेणं हाच उत्सव केला, याचं मला नागपूरकर म्हणून मोठं अप्रूप आहे. मैत्रिणीच्या वडिलांच्या पुस्तिका मधोमध तारेच्या टाचण्या मारलेल्या होत्या. टाचण्या गंजलेल्या, त्यांच्याभोवती कागदाला तांबूस भोक पडलेलं.

ते काम असं असतं. पुस्तिका मधल्या पानावर उघडायची. टाचणीचे वळवलेले पाय बोथट सुरीनं अगदी सावकाश उभे करायचे आणि मागच्या बाजूनं ती काढून घ्यायची. ओढली तर घडी फाटते. गंजानं खाल्लेल्या जागी आतून पातळ टिश्यू कागदाची बोटभर पट्टी खळीनं लावायची, वाळू द्यायची. मग घडीत पाच भोकं पाडायची, जुनी भोकं सोडून. मेण लावलेला सुती दोरा मधल्या भोकातून आत घालायचा, एका टोकापर्यंत जाऊन परत यायचं, मग दुसऱ्या टोकाकडे, आणि शेवटी मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं घेऊन गाठ. गाठ घट्ट, पण दोरा कागद कापेल इतकी नाही. मैत्रिणीनं पहिली पुस्तिका हातात घेतली आणि मधलं पान उघडून कितीतरी वेळ नुसती पाहत बसली. तिच्या वडिलांनी प्रत्येक पुस्तिकेवर घेतल्याचं साल लिहून ठेवलं आहे. मुखपृष्ठांना मी हात लावला नव्हता, त्यामुळे ते जसंच्या तसं राहिलं.

पुढे जुजबंदी, म्हणजे घडी केलेले फर्मे एकापाठोपाठ एक शिवत जाणं. सोळा पृष्ठांचा एक फर्मा, त्याच्या घडीतून दोरा, टोकाला आल्यावर खालच्या फर्म्यात अडकवून गाठ, मग वरचा फर्मा. आईची दोन पुस्तकं शिवणीचा दोरा कुजल्यामुळे सैल झाली होती. ती उकलून पुन्हा शिवली. शिवताना प्रत्येक फर्मा हाताखालून जातो, त्यामुळे वाचलेल्या पुस्तकातलीही नवीन वाक्यं दिसतात. काकाजींनी कटिंग मशीनवर कडा सारख्या करून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. आईच्या खुणा समासाच्या अगदी काठाला आहेत आणि दोन सूत कापलं तरी त्यातली अक्षरं जाणार. काकाजींना ते पटलं नाही. बांधलेलं पुस्तक कडेनं आरशासारखं गुळगुळीत हवं, असं त्यांचं शिस्तीचं मत. पण त्यांनी माझं ऐकलं.

खरी कठीण निघाली ती नवीन, गोंदाची पुस्तकं. त्यांच्या घड्याच नाहीत, मग शिवणार काय? बाजूनं टोचून शिवता येतं, पण मग आतला समास गिळला जातो आणि पुस्तक पूर्ण उघडत नाही; वाचताना दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं. असं पुस्तक टिकतं, पण वाचलं जात नाही, आणि मला ती वाचायची होती. यावर उपाय असा: जुना गोंद खरवडून काढायचा, पानं एकसारखी करून दोन फळ्यांमध्ये पकडायची, पाठीकडची कड मोकळी ठेवायची. ती कड एका बाजूला पंख्यासारखी वाकवायची म्हणजे प्रत्येक पानाची अगदी केसभर पट्टी उघडी पडते. त्यावर पातळ गोंद फिरवायचा. मग उलट बाजूला वाकवून पुन्हा. अशानं गोंद फक्त कडेवर न राहता प्रत्येक पानाला दोन्ही अंगांनी किंचित धरतो. इथे मात्र खळ पुरत नाही, वाळल्यावर लवचीक राहणारा पांढरा गोंदच लागतो. वर पातळ मलमलीची पट्टी, आणि रात्रभर दाब. माझ्याकडे शिकंजा नाही. प्लायवूडच्या दोन फळ्या आणि वर आजीचा पाटा.

आईच्या दिवाळी अंकांना सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो मी आनंदानं दिला. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकानं सुरू केलेली ही परंपरा घरोघरी रद्दीत जाते, आमच्याकडे ती पलंगाखालच्या पेटीत होती. चार-पाच अंकांचा एक खंड असा हिशेब धरला. अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकायची सर्रास पद्धत आहे. मी एकही पान काढू दिलं नाही. साड्यांच्या, केशतेलाच्या, प्रेशर कुकरच्या त्या जाहिराती कथा-कवितांइतक्याच मन लावून वाचाव्यात अशा आहेत. पाठीवर काळं बायंडिंग क्लॉथ लावलं आणि त्यावर पांढऱ्या चिठ्ठीवर फक्त साल लिहिलं.

सगळंच बांधावं असं नाही. वृत्तपत्री कागदावर छापलेली काही पुस्तकं इतकी ठिसूळ झाली आहेत की दोरा ओढला की घडीच तुटेल. ती मी जाड कागदाच्या घडीत, वर फीत बांधून ठेवली. सहज मिळणारी, खुणा नसलेली दोन-तीन सरळ रद्दीत दिली. वेळ आणि खळ जपून वापरावी.

ढिगात अकोल्याच्या मावशीचं नाव असलेलं एक पुस्तक निघालं, आईनं कधीतरी वाचायला आणलेलं. ते बांधून ज्ञान पोस्टानं पाठवलं. मे 2025 पासून टपाल खात्याची ही सोय आहे: पुस्तकांसाठी 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, वर कर. जरा सावकाश जातं पण जातं. मावशीचा फोन आला तेव्हा ती तिसऱ्या प्रकरणावर होती.

पाडव्याला डायरीतल्या त्या ओळीपुढे खूण केली. आता जून लागला की काम बंद, कारण पावसाळी हवेत खळ वाळत नाही आणि आतून बुरशी धरते. तोवर बांधलेली पुस्तकं वाचते आहे, ऑफिसला नेते आहे, मागणाऱ्याला देते आहे. शब्दकोश तेवढा राहिला. तो जाडजूड आहे, त्याची पाठ शिवल्यावर हातोडीनं ठोकून गोल करावी लागते, आणि ती हातोडी काकाजी अजून माझ्या हाती देत नाहीत. दिवाळीनंतर देतो म्हणालेत.