सह्याद्रीतला दर्या

पुण्यातील एका विज्ञानप्रसारक संस्थेत मी २०१६ साली ‘संपर्क व तांत्रिक साहाय्य’ या पदावर रुजू झाले, तेव्हा भौतिकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि थोडेफार नियतकालिक लेखन एवढीच माझी पुंजी होती. कार्यालय दोन खोल्यांचे, पगारी माणसे तीन आणि बाकी सगळे मानद, त्यामुळे पदाच्या नावातील ‘व’ फारच कामाचा निघाला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या व्याख्यानाची बातमी वृत्तपत्रांना मीच पाठवायची, वक्त्यांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला मीच जोडायचा, आणि मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस आला की ‘नक्की किती वाजता?’ विचारणारे फोनही मीच घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी कार्यवाहांनी माझ्यापुढे एक पेनड्राइव्ह ठेवला. त्यात संस्थेच्या मासिकाचे बावीस वर्षांचे अंक होते, सगळे पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या फाँटमध्ये लावलेले. हे सर्व युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या आजच्या जागतिक पद्धतीत आणून सभासदांना शोधता येईल असे करावे, अशी कार्यकारिणीची इच्छा होती. सहा महिने लागतील असे मी सांगितले. प्रत्यक्षात सतरा लागले, आणि त्यातील निदान पाच माझ्याच एका चुकीपायी गेले.

अडचण कशी असते ते थोडे सांगायला हवे. त्या फाँटमधला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नव्हताच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले होते, आणि फाँट काढून घेतला की ‘किरण’च्या जागी चिन्हांची खिचडी दिसे. शिवाय अक्षरे जशी दिसतात त्याच क्रमाने साठवलेली होती. ‘किरण’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी आणि ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या नंतर यायचा. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, म्हणून वेलांटी ‘क’नंतर येते आणि रफाराचा ‘र्’ ‘य’च्या आधी. ही अदलाबदल कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम, बऱ्यापैकी करतो. मात्र रोमन लिपीत छापलेली शास्त्रीय नावे त्याला कळत नाहीत. वडाचे ‘फायकस बेंगालेन्सिस’ त्याने मराठीच समजून घेतले आणि त्याचे जे झाले ते वाचून आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई दोन मिनिटे हसत होत्या. शेवटी कार्यालयातल्या जुन्या संगणकावर मूळ फायली उघडून, कोणता मजकूर कोणत्या फाँटमध्ये आहे याच्या खुणा आधी घालून घेतल्या आणि तेवढाच भाग कन्व्हर्टरला दिला.

खरी गोम त्यानंतर सुरू झाली. मराठीत काही अक्षरे दोन तऱ्हांनी साठवता येतात आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. ‘ॲसिड’मधल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत, म्हणून एका तऱ्हेने शोधले की दुसऱ्या तऱ्हेचे लेख सापडत नाहीत. ‘दुसऱ्या’ या शब्दाचेही तेच. तो ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराने लिहिता येतो, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य सांधा यांनीही. मजकूर तपासताना मला हे अदृश्य सांधे जागोजागी दिसले, आणि रूपांतरातला कचरा समजून मी एका छोट्या प्रोग्रॅमने ते सगळ्या अंकांतून एका फटक्यात काढून टाकले. त्या रात्री मी समाधानाने झोपले, हे कबूल करते.

चार महिन्यांनी एका आजीव सभासदांचा फोन आला. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. “ताई, सह्याद्रीत दर्या कधी शिरला? तिथला खडक लाव्ह्याचा आहे, मी जन्मभर मुलांना हेच शिकवलं.” मी लेख उघडला. शीर्षक होते ‘सह्याद्रीतील दर्या’. सांधा गेल्यामुळे ‘दऱ्या’चा रफार झाला होता, आणि तो एकट्या त्या लेखात नव्हता. आचाऱ्यांचे आचार्य झाले होते, वाऱ्यांचे ‘वार्या’ आणि किनाऱ्यांचे ‘किनार्या’. मूळ फायली शाबूत होत्या, पण त्यानंतर स्वयंसेवकांनी चार महिने केलेले मुद्रितशोधन याच बिघडलेल्या प्रतीत होते, आणि मधल्या प्रती ठेवण्याची शिस्त मला तेव्हा नव्हती.

‘र्या’ दिसेल तिथे ‘ऱ्या’ करावे, हा पहिला विचार अर्ध्या तासात बारगळला. ‘सूर्यासारख्या ताऱ्यांच्या’ एवढ्या दोन शब्दांत दोन्ही रूपे शेजारी बसलेली आहेत. तो नियम लावला असता तर सूर्य बिघडला असता, आणि पर्याय, कार्यालय, पर्यावरण यांचीही तीच गत झाली असती. मग ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेले सगळे वेगवेगळे शब्द काढून त्यांची यादी केली. ‘करणार्या’, ‘असणार्या’ यांसारखे ‘णार्या’चे शब्द निःशंक होते, ते आपोआप दुरुस्त झाले. बाकीच्या प्रत्येक शब्दापुढे हो किंवा नाही लिहायचे होते. हे काम भूगोलाच्या सरांनी आपणहून अंगावर घेतले. दर मंगळवारी ते स्वतःचा चहाचा थर्मास घेऊन येत, छापील यादीवर लाल पेनाने खुणा करत आणि शंका असेल तिथे मला मूळ अंक उघडायला लावत.

कार्यकारिणीपुढे उशिराचे कारण सांगणे हे मात्र निव्वळ संपर्काचे काम होते. युनिकोडचा उल्लेख मी केलाच नाही. फळ्यावर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ असे दोनच शब्द लिहिले आणि गेल्या पाच महिन्यांत आम्ही यांतला फरक परत मिळवत होतो, असे सांगितले. खजिनदारांनी विचारले, “हे पुन्हा होणार नाही ना?” त्या दिवसापासून दर शुक्रवारी मजकुराची एक प्रत वेगळ्या डिस्कवर जाते आणि तिच्या नावात तारीख असते.

काम संपल्यावर सरांनी माझ्या शेजारी बसून शोधाच्या चौकटीत ‘दर्या’ हा शब्द स्वतः टाइप केला. एकच लेख निघाला, कोकणातल्या मासेमारीवरचा. सरांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, “हा राहू द्या. हा खरा आहे.”